लिंकांची वही आधी बंद करा

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सोबत एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात वेबसाइट वर आणण्याचं तंत्र, शिकते. सरावासाठी तिने स्वतःची वेबसाइट काढली आहे. रोज वीस वेबसाइटवाल्यांना लिंक एक्स्चेंजसाठी (एकमेकांच्या लिंका आपापल्या साइटवर लावण्यासाठी) मेल पाठवायचे, असं मी ठरवून दिलंय. रात्री वहीत हिशेब घेतो. तरीही साइट पहिल्या पानावर येत नाही. ती हल्ली फारशी बोलत नाही, जुने लेखच दुरुस्त करत बसते. तिची चिकाटी कमी पडतेय का? स्पर्धा परीक्षांकडे वळवू का? – एक वडील

उत्तर : ‘ती हल्ली फारशी बोलत नाही’ हे तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथेच थांबले. दिवसभर अनोळखी लोकांना गळ घालायची, बहुतेकांचं उत्तरच येत नाही, आणि रात्री घरी त्याचीच हजेरी. बोलणार तरी काय? तुमची कळकळ मला दिसते, पण हा धाक आहे. आणि तोही अशा कामासाठी, जे तिने मुळात करायलाच नको.

जितक्या लिंका जास्त तितका नंबर वर, हा गैरसमज आहे. 1998 मध्ये गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पेजरँक, म्हणजे लिंकांवरून पानाचं महत्त्व ठरवण्याची पद्धत, मांडला, तेव्हाही नुसती मोजदाद नव्हती. ज्या पानाला स्वतःलाच वजन, त्याची लिंक मोलाची. आणि ते वजनही त्या पानावरच्या सगळ्या लिंकांमध्ये वाटलं जाई. लिंक ही शिफारस मानली होती. ‘तुम्ही आमची लावा, आम्ही तुमची लावतो’ ही शिफारस नव्हे, ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ आहे. रँकिंगसाठी केलेली अशी अतोनात अदलाबदल आणि त्यासाठीच बनवलेली ‘पार्टनर पेजेस’ गूगलच्या धोरणानुसार स्पष्टपणे स्पॅम ठरतात. गूगलने 2012 मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ नावाच्या बदलाने अशा साइट्स खाली ढकलल्या. 2016 पासून पेंग्विन क्रमवारी लावणाऱ्या मुख्य अल्गोरिदमचाच भाग आहे. आज अशा लिंका बऱ्याचदा जमेसच धरल्या जात नाहीत. प्रकरण वाढलं तर सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटवाल्यांसाठीच्या गूगलच्या साधनात) ‘मॅन्युअल ॲक्शन’ची, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून केलेल्या कारवाईची, नोटीस येते, आणि मग त्याच लिंका काढून टाका म्हणून पुन्हा त्याच लोकांना मेल. दोन साइट्सनी एकमेकींचा उल्लेख करण्यात गैर काही नाही. सर्च इंजिन नसतं तरी वाचकासाठी ही लिंक दिली असती का, एवढं विचारावं.

स्पर्धा परीक्षा तिला स्वतःला द्यायच्या असतील तर जरूर द्याव्यात. शिक्षा म्हणून नकोत.

खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. लेख दुरुस्त करत बसणं तुम्हाला टाळाटाळ वाटते. मला त्यात तिचा कल दिसतो. मजकूर नेटका करणं, माणसं काय शोधतात ते ओळखणं, पान क्रॉल आणि इंडेक्स का होत नाही (गूगल ते वाचून आपल्या यादीत का घेत नाही) ते शोधणं, हेच या क्षेत्रातलं टिकाऊ काम. थोडं एचटीएमएल (वेबपान लिहिण्याची भाषा) आणि सर्च कन्सोल नीट शिकली, तर तिला लिंकांसाठी कुणाच्या विनवण्या कराव्या लागणार नाहीत.

आता एवढंच करा. वही बंद करा, आणि ती का बंद करताय ते तिला सांगा. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये सरासरी अकरा ते वीस क्रमांकावर दिसणारा एखादा लेख तिला निवडू द्या. तो पहिल्या पानाच्या अगदी उंबरठ्यावर असतो. तिने तो सुधारला की तुम्ही शांतपणे वाचा आणि कुठे कळलं नाही ते सांगा. नंबर विचारू नका.