सायन्स फिक्शन मालिकेत ‘पात्रांवर चालणारी गोष्ट’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा, की अंतराळयानं, परग्रहवासी, लढाया हे सगळं असताना काही मालिकांना लोक ‘पात्रांची मालिका’ का म्हणतात. मी ‘स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन’मधल्या (१९९३ ते १९९९) एकाच पात्रावरून सांगतो. पुढे कथानक उघड होतंय, पाहायची असेल तर जपून वाचा.

नॉग हा फेरेंगी पोरगा. फेरेंगी म्हणजे नफा हाच धर्म मानणारी जमात. पहिल्याच भागात तो चोरी करताना पकडला जातो आणि अंतराळ स्थानकाचा प्रमुख सिस्को त्याला कोठडीत अडकवून त्याच्या काकाकडून, क्वार्ककडून, आपलं काम साधून घेतो. पुढे सिस्कोचा मुलगा जेक त्याला गुपचूप वाचायला शिकवतो. मग १९९५ सालच्या एका भागात हाच नॉग सिस्कोसमोर उभा राहून स्टारफ्लीट अकादमीसाठी, म्हणजे सिस्कोच्याच अंतराळदलाच्या प्रशिक्षण संस्थेसाठी, शिफारसपत्र मागतो. सिस्कोचा विश्वास बसत नाही. तो खोदून खोदून विचारतो, तेव्हा पोराच्या तोंडून खरं बाहेर पडतं: बाप यंत्रांतला जादूगार, पण भावाच्या हाताखाली नफ्यामागे धावण्यात त्याचा जन्म गेला, मला तसं व्हायचं नाही.

१९९८ सालच्या एका भागात युद्धात नॉगचा पाय जातो. फेरेंगींचे कान तिखट, म्हणून त्याला टेहळणीला पाठवलेलं असतं. पाठवणारा सिस्कोच, ज्याने ते पत्र लिहायचं कबूल केलं होतं. क्वार्कचा त्या वेळचा संताप मला अजून आठवतो.

नवा कृत्रिम पाय बसतो. डॉक्टरांच्या मते त्यात काहीही खोट नाही. तरी नॉग काठी टेकत चालतो, पाय दुखतोय म्हणतो. मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. आजच्या सैनिकाची गोष्ट असती, तर त्याचं दुःख आपण गेलेल्या पायाच्या खात्यावर टाकून मोकळे झालो असतो. इथे विज्ञानाने पाय परत दिलाय, त्यामुळे ती पळवाटच बंद होते आणि समोर उरतो फक्त घाबरलेला मुलगा. एरवी इतकं उघडं दिसलं नसतं, ते त्या काल्पनिक वैद्यकामुळे दिसतं.

तो होलोसूटमधल्या, म्हणजे खरं वाटणारं आभासी जग उभं करणाऱ्या खोलीतल्या, जुन्या लास व्हेगासमध्ये राहायला जातो आणि विक फाँटेन या आभासी गायकाचा हिशेब सांभाळू लागतो. प्रोग्राम सतत चालू राहिल्यामुळे विकला पहिल्यांदाच सलग आयुष्य मिळतं. त्यालाही ते हवंय! तरी नॉगने बाहेर पडावं म्हणून तो स्वतःच स्वतःचा प्रोग्राम बंद करतो. मग कुठे नॉग कबूल करतो, की आपल्याला काही होणार नाही हा भरवसाच गेलाय. या भागात मुख्य कलाकार जवळपास बाजूला आहेत. सगळा भार दोन पाहुण्या पात्रांवर आहे आणि ती तो लीलया पेलतात.

हे शक्य झालं ते मालिकेने आठवण ठेवली म्हणून. त्या काळी मधला भाग चुकला तरी पुढचा कळावा, अशी वाहिन्यांची अपेक्षा असायची. मग भाग संपला की पात्रं कोरी व्हायची. इथे चोरी, पत्र, पाय हे सगळं नॉगच्या अंगावर राहतं. त्याच्या जागी दुसरं कुणी ठेवून पाहा, गोष्टच उभी राहत नाही.

पूर्ण मालिका पाहायला वेळ नसेल तर हे पाच भाग याच क्रमाने पाहा: ‘एमिसरी’, ‘द नॅगस’, ‘हार्ट ऑफ स्टोन’, ‘द सीज ऑफ एआर-५५८’ आणि ‘इट्स ओन्ली अ पेपर मून’. शेवटचे दोन एकाच बैठकीत.