ग्लासगोच्या एका बागेत, दाट झाडीत स्टेडियमच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे दिसले. हे काय आहे?

तुम्ही पाहिलं ते कॅथकिन पार्क, एक जुनं फुटबॉल मैदान. मी याच भागात राहतो, त्यामुळे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला.

हे साधंसुधं मैदान नव्हतं. 1884 मध्ये क्वीन्स पार्क या क्लबने इथे आपलं दुसरं हॅम्पडेन (हे त्यांच्या मैदानांचं नाव) उभारलं आणि स्कॉटलंडचा राष्ट्रीय संघही इथे खेळला. 1903 मध्ये क्वीन्स पार्क आजच्या हॅम्पडेनला गेला आणि ही जागा थर्ड लॅनार्ककडे आली. हा 1872 मध्ये एका स्वयंसेवक रायफल तुकडीतल्या सैनिकांनी काढलेला क्लब, जर्सी लाल, लाडाचं नाव 'हाय हाय'. 1904 मध्ये ते लीग जिंकले, 1905 मध्ये ग्लासगोच्याच रेंजर्स क्लबला हरवून स्कॉटिश कप. पुढे 1954 मध्ये रेंजर्सविरुद्धच्याच सामन्याला 45 हजारांवर माणसं या पायऱ्यांवर उभी होती.

आता पडझडीचं. लोक सरसकट म्हणतात, सेल्टिक-रेंजर्स या ग्लासगोच्या दोन बड्या क्लबांच्या सावलीत लहान क्लब टिकतात कुठे! मला हे पटत नाही. 1960-61 च्या हंगामात याच थर्ड लॅनार्कने 34 सामन्यांत 100 गोल केले आणि लीगमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. असा संघ सहा वर्षांत संपतो, तेव्हा आधी कारभाराकडे बघावं.

बिल हिडलस्टन नावाच्या संचालकाच्या हातात क्लब गेला. व्यवस्थापक जॉर्ज यंग, म्हणजे रेंजर्स आणि स्कॉटलंडचा माजी कर्णधार, 1962 मध्ये बाहेर पडला. चांगले खेळाडू विकले गेले, 1965 मध्ये संघ खालच्या विभागात घसरला, मैदानाची डागडुजी थांबली. ड्रेसिंग रूममध्ये गरम पाणीसुद्धा नसायचं, असं सांगतात. ग्लासगोच्या हिवाळ्यात! एप्रिल 1967 मध्ये इथला शेवटचा लीग सामना क्वीन ऑफ द साउथशी 3-3 असा सुटला. तीन दिवसांनी डम्बार्टन संघाकडून 5-1 असा मार खाल्ला आणि त्या उन्हाळ्यात क्लबचं दिवाळं निघालं. हिडलस्टन त्याच वर्षी वारला. पुढच्या वर्षी सरकारी चौकशीच्या अहवालात त्याच्या कारभारावर कडक ताशेरे आले.

सगळ्यांचा डोळा जमिनीवर होता, हे गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की इथे महापालिकेने घरं बांधायला परवानगीच दिली नाही. इमारती झाल्या नाहीत, जागा सार्वजनिक बाग झाली. मुख्य स्टँड गेला, पण तीन बाजूंच्या पायऱ्या राहिल्या आणि त्यांच्यातून झाडं वर आली. म्हणजे मैदान वाचलं ते एका नाकारलेल्या परवानगीमुळे. फुटबॉलप्रेमाचा त्यात वाटा किती, हा प्रश्नच आहे.

मैदान मात्र मेलेलं नाही. थर्ड लॅनार्क हेच नाव घेतलेला हौशी संघ इथे खेळतो, तिकीट वगैरे काही नाही.

पुन्हा गेलात तर हॅम्पडेन बोलिंग क्लबही बघा, जवळच आहे. पहिलं हॅम्पडेन तिथे होतं. 1882 मध्ये स्कॉटलंडने इंग्लंडला 5-1 असं झोडपलं ते तिथेच, आणि त्या संघात अँड्र्यू वॉटसन हा जगातला पहिला कृष्णवर्णीय आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू होता. तिथून आजच्या हॅम्पडेनला चालत जाता येतं, त्यामुळे एका दुपारी तिन्ही हॅम्पडेन होतात.