फॅमिली म्हणून घर घेतलं, आता मालकीणबाईंना खरं कळलंय

प्रश्न : आम्ही तिघे मित्र परभणी जिल्ह्यातले, पुण्यात नोकरीला आहोत. बॅचलर म्हणून बऱ्याच ठिकाणी नकार मिळाला. कर्वेनगरात एका बंगल्याचा वरचा मजला रिकामा होता. काकू खाली राहतात, त्या फॅमिलीलाच देणार म्हणाल्या. हॉस्टेलला असताना 'बीवी और मकान' हा जुना हिंदी सिनेमा पाहिला होता, त्यावरून कल्पना सुचली. मित्राच्या मामेबहिणीला माझी बायको म्हणून घर बघायला नेलं, तुळशीबागेतून दीडशे रुपयांचं मंगळसूत्र आणलं. करार माझ्या एकट्याच्या नावावर, १ सप्टेंबरपासून ११ महिन्यांचा, रजिस्टर केलेला. भाडं २२ हजार, डिपॉझिट ८० हजार. दोन दिवसांनी बहीण परत गेली, आम्ही 'माहेरी गेलीय' म्हणून सांगितलं आणि मित्रांना भाऊ म्हणून आणलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी आलं नाही म्हणून काकू स्वतः वाण घेऊन वर आल्या आणि सगळं उघड झालं. फेब्रुवारीचं भाडं त्यांनी घेतलं. मार्चमध्ये त्यांचा मुलगा बंगळुरूहून आला. दोन दिवसांत घर खाली करा, डिपॉझिट मिळणार नाही, चारशे वीसची केस करतो म्हणाला. काल टाकीचा कॉक बंद केला. एजंट म्हणतो, सहा हजारांत मॅरेज सर्टिफिकेट आणून देतो, मग कोणी काही करू शकणार नाही. काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी एजंटाला नाही म्हणा. हे उत्तर अर्धं वाचून ठेवा आणि त्याला फोन करा. पैसे दिले असतील तर ते गेले असं समजा, पण तो कागद हातात घेऊ नका.

आजवर तुम्ही जे केलंत ते खोटं बोलणं होतं. त्याची भरपाई होऊ शकते, माफी मागता येते, तडजोड होऊ शकते. बनावट विवाह प्रमाणपत्र तयार झालं की प्रकरण तडजोडीच्या पलीकडे जातं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३७ मध्ये सरकारी अधिकाऱ्याने दिल्यासारखं दिसणारं प्रमाणपत्र बनवण्याला ७ वर्षांपर्यंतची शिक्षा आहे, आणि बनावट आहे हे माहीत असून ते वापरणं हा कलम ३४० खाली वेगळा गुन्हा आहे. त्यावर नाव त्या मामेबहिणीचं येणार. आज तिच्या माथी एका संध्याकाळचं नाटक आहे. उद्या तिच्या नावाचा खोटा सरकारी कागद तयार होईल आणि तिचं खरं लग्न ठरेल तेव्हा तो कुठून तरी वर येईल. माझ्याकडे अशी प्रकरणं आली आहेत. पहिल्या खोट्याने माणूस सहसा बुडत नाही, ते झाकायला आणलेला कागद त्याला बुडवतो.

आता करार. तुम्ही पाठवलेला पान ३ चा फोटो मी नीट वाचला. त्यात लिहिलंय की जागा 'परवानाधारक व त्याचे कुटुंबीय यांच्या निवासासाठीच' वापरायची. परवानाधारक म्हणजे तुम्ही. बायकोचं नाव नाही, तुम्ही विवाहित आहात असं वाक्यही नाही. हे महत्त्वाचं आहे. नोंदणी करताना अधिकाऱ्यासमोर जाणूनबुजून खोटं निवेदन करणं हा नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि तिथेही शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. तुमच्या करारात तसं निवेदन दिसत नाही. पण पोलिसांना द्यायचा भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म एजंटाने भरला, असं तुम्ही लिहिलंय, आणि त्यात काय भरलं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्याची प्रत मिळवा. 'पत्नी' म्हणून कोणाचं नाव घातलं असेल तर ते मला आधी कळायला हवं, पोलीस ठाण्यात कळून चालणार नाही.

तोंडी खोटं बोललात ते कायद्यात कुठे बसतं? भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये लबाडीची व्याख्या आहे आणि कलम १९ म्हणतं की अशा लबाडीने संमती मिळवली असेल तर फसलेल्या माणसाला करार रद्द करता येतो. म्हणजे करार आपोआप मोडत नाही. मोडायचा की ठेवायचा हे काकूंनी ठरवायचं. आणि इथे तुमच्या बाजूची एक गोष्ट आहे : जानेवारीत त्यांना सगळं कळलं आणि तरी फेब्रुवारीचं भाडं त्यांनी ऑनलाइन घेतलं, वर 'मिळाले' असा मेसेज केला. खरं कळल्यावरही करार चालू ठेवला, असा अर्थ त्यातून काढता येतो. तो मेसेज पुसू नका. मात्र यावर फार उड्या मारू नका. एकट्या राहणाऱ्या बाईंनी भांडण टाळायला एक महिना काढला, असंही न्यायाधीश म्हणू शकतात, आणि मला स्वतःला तेच खरं वाटतं.

तुम्ही विचारलंय की बॅचलरना घर न देणं हाच मुळात भेदभाव नाही का. मनाला वाटतं, कायद्यात सापडत नाही. राज्यघटनेचं कलम १५(१) राज्याला बांधतं, बंगल्याच्या मालकिणीला नाही, आणि अविवाहितांना घर नाकारू नये असा महाराष्ट्रात कायदा नाही. हे मला पटत नाही. परभणीहून, लातूरहून, यवतमाळहून मुलं नोकरीला येतात, पगार वेळेवर होतो, भाडं वेळेवर देतात, आणि तरी त्यांना जिन्यातूनच परत पाठवतात. पण कायदा काय असावा ही चर्चा वेगळी. तुमचं प्रकरण आजच्या कायद्यावर चालेल.

त्या सिनेमाबद्दल एक सांगते, कारण त्याचा तुमच्या प्रकरणाशी संबंध आहे. हृषीकेश मुखर्जींनी तो १९६६ साली केला. मुंबईत आलेले पाच मित्र, फक्त जोडप्यांनाच जागा देणारा मालक, आणि साड्या नेसून बायका झालेले त्यातले दोघे. त्या काळात मुंबईत १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. एकदा भाडेकरू आत आला की त्याला बाहेर काढणं मालकाला फार कठीण, भाडंही मनाप्रमाणे वाढवता येत नसे. म्हणून मालक दारातच जात, गाव, लग्न सगळं तपासून घ्यायचे. त्यावर तोडगा म्हणून 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे भाडेकरू न करता नुसती राहण्याची परवानगी देणारा करार, वाढलं, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना कायद्याने भाडेकरूच करून टाकलं. मालकांची धास्ती आणखी वाढली. आज महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे. त्याच्या कलम २४ खाली मुदत संपल्यावर परवानाधारक निघाला नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा मिळतो आणि मुदतीनंतर जास्त राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाईही मागता येते. म्हणजे काकूंना घर परत न मिळण्याची भीती आता उरलेली नाही. हे त्यांच्या मुलाला शांतपणे सांगता आलं तर निम्मा राग तिथेच उतरेल. त्याला वाटतंय की तीन पोरं आईच्या डोक्यावर कायमची बसली.

आता पाणी. हे मला सर्वांत जास्त खटकलं. तुम्ही खोटं बोललात म्हणून तुमचं पाणी तोडण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २९ पाणी, वीज अशा अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडायला मनाई करतं. पण ते कलम भाडेकरूबद्दल बोलतं आणि तुम्ही परवानाधारक आहात, असा आक्षेप समोरचा वकील घेईल. म्हणून एकट्या त्या कलमावर विसंबू नका. त्याहून भक्कम आधार हा : कृष्णा राम महाले खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क नाही असं जरी धरलं, तरी मालकाला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढता येत नाही. दोन दिवसांत सामान रस्त्यावर टाकू ही धमकी म्हणूनच चालणार नाही. कुलूप बदललंच तर विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत ताब्याचा दावा करता येतो. बंद कॉकचा तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा. स्वतः मात्र तो उघडू नका, मुलगा उभा असताना तर नाहीच. पाण्यावरून झालेल्या धक्काबुक्कीतून उभा राहणारा गुन्हा तुमच्या मूळ खोट्यापेक्षा जड जाईल.

चारशे वीस. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) झालंय. बतावणी करून फसवणं कलम ३१९ मध्ये आहे, आणि आपण जो माणूस नाही तो असल्याचं भासवणं त्यात येतं. म्हणून 'आमच्यावर काही होऊच शकत नाही' असं मी म्हणणार नाही, तक्रार लिहिली जाऊ शकते. बचावही आहे : फसवणुकीसाठी सुरुवातीपासून अप्रामाणिक हेतू किंवा नुकसान दाखवावं लागतं. तुम्ही डिपॉझिट पूर्ण भरलंत, सहा महिने एकही भाडं चुकवलं नाहीत, वीजबिल भरलंत. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात लगेच उचलून आत टाकायचं नसतं, सर्वसाधारणपणे आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५(३) त्यासाठीच आहे. नोटीस आली तर वेळेवर जा, वकील घेऊन जा, आणि तिथे खरं बोला. त्या मुलीला चौकशीला एकटं पाठवू नका.

डिपॉझिटचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. काकू करार रद्द करणार असतील तर करार कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे तुमच्याकडून घेतलेला लाभही परत करावा लागतो. करारात 'मुदतीआधी सोडल्यास अनामत जप्त' असं कलम आहे, पण करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की अशी ठरवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. द्यायची असते ती वाजवी भरपाई. अख्खे ८० हजार वाजवी ठरणं अवघड. एखाद्या महिन्याचं भाडं, रंगाचा खर्च, इतकं काकूंनी मागितलं तर मी तुमची वकील असते तरी द्या म्हणाले असते.

मग करायचं काय? कोर्टाआधी खालच्या मजल्यावर जा. तुम्ही एकटे, तिघं मिळून नाही. मुलगा घरात असेल तर त्याच्यासमोर जा. काकू वाण घेऊन दोन जिने चढून आल्या होत्या, आणि 'सूनबाई कुठंय' असं त्यांनी दारात विचारलं, हे तुम्हीच लिहिलंय. त्यांना पैशाचं नुकसान झालेलं नाही, त्यांना घरातल्या माणसानं फसवल्यासारखं वाटलंय. कायद्याची कलमं त्या खोलीत काढू नका. 'आमचं लग्न झालेलं नाही, ती मुलगी मित्राची बहीण आहे, तिचा यात दोष नाही, मी खोटं बोललो' एवढं म्हणा. 'पण' हा शब्द आणू नका.

कागदावर मात्र शब्द मोजून लिहा. माफी तोंडी, प्रस्ताव लेखी. प्रस्तावाच्या वर 'आमचे हक्क अबाधित ठेवून, तडजोडीसाठी' असं लिहा आणि दोन पर्याय द्या. पहिला : तिघांच्या खऱ्या नावांनी नवा करार, मुदत जुनीच, ३१ जुलैपर्यंत, नोंदणीचा खर्च तुमचा. दुसरा : ३० एप्रिलला घर रिकामं, तोवरचं भाडं चालू, ठरलेली वजावट करून उरलेलं डिपॉझिट किल्ल्या देताना त्याच वेळी. दुसरा पर्याय निवडला तर ताबा पावती करा. मीटरचं रीडिंग, किल्ल्या किती, भिंती-नळ कसे आहेत, डिपॉझिट किती मिळालं, आणि दोन्ही बाजूंची परस्परांविरुद्ध तक्रार उरलेली नाही, हे वाक्य त्यात हवं. सही काकूंची हवी, मुलाची साक्षीदार म्हणून. करार त्यांच्या नावावर आहे.

मुलगा ऐकत नसेल तर शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व समेटासाठी अर्ज द्या. तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. पाणी मात्र सुरू झालं नाही तर त्याची वाट पाहू नका, लघुवाद न्यायालयात तातडीच्या मनाईसाठी अर्ज करावा लागेल. करार, बँकेचं स्टेटमेंट, 'मिळाले' चा मेसेज आणि कॉकचे फोटो घेऊन वकिलाकडे जा.

मार्चचं भाडं तुम्ही थांबवलंय असं शेवटच्या ओळीत दिसतं. रागाने थांबवलं असेल तर आज पाठवा, ज्या खात्यावर नेहमी पाठवता त्यावरच. ते परत आलं तर त्याचीही नोंद राहील.

आणि काकूंच्या फोनमध्ये त्या मुलीचा घर बघायला आली तेव्हाचा फोटो आहे. तडजोड झाली की तो काढून टाकायची विनंती करा, आणि ती विनंती तिला स्वतःला फोनवरून करू द्या. तिची माफी तिनेच मागावी असं तिलाही वाटत असेल, तिला विचारून बघा.