आधी मागचं चाक बघा: स्मार्ट ट्रेनरबद्दल वाचकांचे प्रश्न

घरच्या सायकलिंगसाठी स्मार्ट ट्रेनर (सायकल बसवून जागच्या जागी चालवायचं, अ‍ॅपनुसार जोर बदलणारं यंत्र) घेऊ पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांचा पहिला प्रश्न होता, 'किती वॉटचा घेऊ?' त्यावर आमचेच उलट तीन प्रश्न आहेत: सायकलचं मागचं चाक फ्रेमला कशाने अडकवलंय, मागे गिअरच्या चकत्या किती आहेत आणि ट्रेनर घरात ठेवणार कुठे? याची उत्तरं हाताशी असली की निम्मी यादी आपोआप गळते.

प्रश्न: माझ्याकडे मागे नऊ गिअर असलेली रोड बाइक आहे, चाक क्विक रिलीजचं (तरफ उघडून हाताने सुटणारं). आठवड्यातून चार दिवस पाऊण तास घरात चालवायची आहे. चाक रोलरवर टेकवायचा ट्रेनर घ्यावा की चाक काढून बसवायचा? फरक खरोखर जाणवतो का?

चार दिवस चालवणार असाल तर जाणवतो, आणि पहिल्या महिन्यातच जाणवतो.

चाक टेकवायच्या, म्हणजे व्हील-ऑन ट्रेनरमध्ये तुमचा जोर टायरमधून रोलरपर्यंत पोचतो. टायरमध्ये हवा किती भरली, रोलर किती घट्ट दाबला, टायर किती तापला, यातली एक गोष्ट बदलली तरी पडद्यावरचा आकडा हलतो. सोमवारचे २०० वॉट आणि गुरुवारचे २०० वॉट सारखेच असतील याची खात्री राहत नाही. अशा ट्रेनरची अचूकता कंपन्या साधारण ±३ ते ±५ टक्के सांगतात. डायरेक्ट ड्राइव्हची, म्हणजे चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर (गिअरच्या चकत्यांच्या संचावर) चढवायच्या ट्रेनरची, ±१ ते ±२.५ टक्के असते. शिवाय उभं राहून जोर लावला की रोलरवर टायर घसरतो, त्याच्या रबराचा काळा भुगा खाली पडतो आणि आवाज चांगलाच वाढतो. त्यासाठी कडक रबराचा वेगळा ट्रेनर टायर मिळतो, पण तो रस्त्यावर चालवू नये. त्याची पकड कमी असते.

तुमच्या गरजेला डायरेक्ट ड्राइव्ह योग्य. व्हील-ऑन निवडावा तो एकाच ट्रेनरवर घरातल्या वेगवेगळ्या सायकली आलटून पालटून लावायच्या असतील, मागचा गिअर हबच्या आत असेल किंवा ट्रेनर आठवड्यातून एखाद्या वेळीच बाहेर काढायचा असेल तर. तो घेतलाच तर तीन सवयी लावून घ्या. दर वेळी बसण्याआधी हवा तपासून टायरवर लिहिलेल्या मर्यादेत एकाच आकड्याला आणायची. रोलर टायरला टेकल्यावर घट्ट करायची घुंडी दर वेळी तेवढेच वेढे फिरवायची. आणि दहा मिनिटं चालवून टायर तापल्यावरच कॅलिब्रेशन (ट्रेनरचं मोजमाप जुळवून घेणं) करायचं. थंड टायरवर केलेलं कॅलिब्रेशन पंधरा मिनिटांत निरुपयोगी होतं. मागच्या अ‍ॅक्सलला ट्रेनरसोबत आलेला पोलादी क्विक रिलीजच लावा, कारण हलके क्विक रिलीज ट्रेनरच्या खोबणीत नीट बसत नाहीत.

प्रश्न: डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर आणला. त्यावर दहा गिअरची कॅसेट चढवली. चकत्या जागी धरणारं लॉकरिंग पूर्ण आवळलं, तरी चकत्या हाताने हलतात आणि गिअर बदलताना खडखडाट होतो. ट्रेनर सदोष आहे का?

ट्रेनर ठीक आहे, कॅसेटमागे घालायचा स्पेसर (पातळ कडी) राहिलाय. हा घोळ इतका नेहमीचा आहे की जरा सविस्तर सांगतो.

आजच्या बऱ्याच ट्रेनरवर शिमानो कंपनीच्या पद्धतीचा ११ गिअरचा फ्रीहब (कॅसेट ज्यावर सरकवतात तो भाग) येतो. तो ८, ९ आणि १० गिअरच्या जुन्या फ्रीहबपेक्षा १.८५ मिमी लांब असतो. म्हणून ८ किंवा ९ गिअरची कॅसेट बसवताना आधी १.८५ मिमीचा स्पेसर सरकवावा लागतो. शिमानोच्या बऱ्याच १० गिअरच्या रोड कॅसेटना त्यावर आणखी १ मिमीचा पातळ स्पेसर लागतो. हा दुसरा स्पेसर बहुधा ट्रेनरच्या खोक्यात नसतो, कॅसेटच्या पाकिटात असतो आणि पाकिटासोबत कचऱ्यात जातो. तुमचंही बहुधा तेच झालंय. सात गिअरच्या कॅसेटला १.८५ अधिक ४.५ मिमी लागतात. ११ गिअरच्या रोड कॅसेटला काहीच लागत नाही, पण शिमानोच्या ११-३४ दातांच्या ११ गिअरच्या कॅसेटला १.८५ चा लागतो. शिमानोच्या १२ गिअरच्या रोड कॅसेट याच फ्रीहबवर बसतात. त्याच कंपनीच्या १२ गिअरच्या माउंटन बाइकसाठी मात्र मायक्रो स्प्लाइन आणि स्रॅम कंपनीच्या १० दातांपासून सुरू होणाऱ्या कॅसेटसाठी एक्सडी किंवा एक्सडीआर असा वेगळा फ्रीहब घ्यावा लागतो. आपल्या ट्रेनरला तो मिळतो का, हे विकत घेण्याआधी विचारून ठेवा.

आता पुन्हा बसवा. लॉकरिंग सोडवून सगळ्या चकत्या काढा आणि फ्रीहब कोरड्या फडक्याने पुसा. आधी १.८५ चा, मग १ मिमीचा स्पेसर घाला. फ्रीहबवरच्या खाचांपैकी एकीची रुंदी वेगळी असते, चकतीचीही. त्या जुळवल्या की चकती एकाच पद्धतीने बसते, उलटी बसूच शकत नाही. मोठ्या चकतीपासून लहानीकडे या. लॉकरिंगच्या आट्यांना किंचित ग्रीस लावून ते आधी हाताने फिरवा. आटे तिरके धरले तर इथेच कळतं. मग कॅसेटच्या पान्याने ४० न्यूटन-मीटरला आवळा. हा आकडा बऱ्याच लॉकरिंगवर कोरलेला असतो. शेवटच्या वेढ्याला कर्रकर्र असा आवाज येतो, तो लॉकरिंगच्या खालचे दाते लहान चकतीवर बसतानाचा. त्याला घाबरून आधीच थांबू नका. शेवटी मोठी चकती दोन बोटांत धरून हलवून पाहा, जरासुद्धा खुळखुळायला नको.

सायकल चढवल्यावर एखादा गिअर अडखळला, तर डिरेल्युरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या) केबलची घुंडी पाव वेढा फिरवून बघा. चाकावरची आणि ट्रेनरवरची कॅसेट अगदी एका रेषेत नसते, इतका फरक पडतोच.

मागे चकत्यांसह आट्यांवर फिरवून बसवलेलं जुनं फ्रीव्हील असेल, तर ते काढून ट्रेनरवर लावता येत नाही. तेवढ्याच गिअरची स्वतंत्र कॅसेट घ्यावी लागते. आणि घरात ८, ११ आणि १२ गिअरच्या सायकली एकत्र असतील, तर कॅसेटऐवजी एकच चकती असलेला झ्विफ्ट कॉग (झ्विफ्ट या घरच्या सायकलिंगच्या अ‍ॅपच्या कंपनीचा) हा पर्याय बघा. त्यावर ८ ते १२ गिअरची कोणतीही चेन चालते आणि गिअर ट्रेनरचा ब्रेकच बदलतो. त्यासाठी ट्रेनर व्हर्च्युअल शिफ्टिंगला (चेन न हलवता असा गिअर बदलण्याला) जोडणारा हवा.

प्रश्न: फ्रेमवर '१४२ × १२' असं लिहिलंय. क्विक रिलीजचा ट्रेनर चालेल का?

तुमचा थ्रू अ‍ॅक्सल आहे, म्हणजे फ्रेममधून आरपार जाऊन आवळला जाणारा दांडा: फ्रेमच्या दोन्ही बाजूंतील अंतर १४२ मिमी आणि अ‍ॅक्सलची जाडी १२ मिमी. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरसोबत त्याचे अडॅप्टर बहुधा येतात, पण १४८ मिमीच्या बूस्ट फ्रेमसाठी काही वेळा वेगळे मागवावे लागतात. अ‍ॅक्सल तुमच्या सायकलचाच वापरायचा. व्हील-ऑन ट्रेनरसाठी मात्र त्याला पकडता येईल असा खास अ‍ॅक्सल स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. क्विक रिलीजच्या रोड बाइकमध्ये हे अंतर बहुधा १३० मिमी आणि माउंटन बाइकमध्ये १३५ असतं.

डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर कॅलिपरमध्ये प्लॅस्टिकची पट्टी अडकवा. चुकून ब्रेक दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि रविवारी सकाळी चाक परत जाता जात नाही.

प्रश्न: माझं वजन ९२ किलो. एका ट्रेनरवर २००० वॉट आणि २० टक्के चढ लिहिलंय, दुसऱ्यावर १५०० वॉट आणि १२ टक्के. मला मोठाच लागेल ना?

गणित करून बघू. तुम्ही आणि १० किलोची सायकल मिळून १०२ किलो. १० टक्के चढावर ताशी ८ किमी वेगाने जायला फक्त हे वजन वर न्यायला सुमारे २२० वॉट लागतात. तोच वेग २० टक्के चढावर ठेवायचा तर सुमारे ४३५. हे काही मिनिटं टिकवणारे पाय फार थोड्यांचे असतात. म्हणजे ट्रेनरची मर्यादा येण्याआधी बहुतेकांचे पाय थकलेले असतात. २००० वॉटपर्यंत तर सायकल ट्रॅकवरचे मातब्बर स्प्रिंटरच काही सेकंद पोचतात.

तरी वजनदार सायकलस्वाराने चढाचा आकडा पाहावा, वॉटचा नाही. चढावर वेग कमी असतो, आणि ट्रेनरचं फ्लायव्हील (आतलं जड चाक) हळू फिरत असताना ब्रेकला पुरेसा जोर देता येत नाही. स्वस्त ट्रेनर इथे उघडे पडतात: पडद्यावर १४ टक्के चढ, पायाला मात्र आठच वाटतो. १५ ते १६ टक्के सांगणारा डायरेक्ट ड्राइव्ह तुम्हाला पुरेल. कंपनीने दिलेली कमाल वजनमर्यादा मात्र जरूर तपासा. झ्विफ्टमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' मुळातच ५० टक्क्यांवर असते, म्हणजे २० टक्के चढ पायाला १० टक्के वाटतो. वेग त्यामुळे बदलत नाही, फक्त गिअर कमी वेळा बदलावे लागतात.

अचूकतेचंही तसंच. २०० वॉटवर ±१ टक्का म्हणजे २ वॉट, ±२.५ म्हणजे ५ वॉट. सरावासाठी दोन्ही चालतात. क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) वॉट मोजणारा पॉवर मीटर असेल तर तो ट्रेनरपेक्षा दोन-तीन टक्के जास्त दाखवेल, कारण तेवढा जोर चेन आणि गिअरमध्येच खर्च होतो.

प्रश्न: अ‍ॅपमधल्या सरावात २२० वॉटचा टप्पा आला की पाय जड होत होत पेडल जागीच थांबतं. मी कमकुवत आहे की ट्रेनर बिघडलाय?

दोन्ही नाही. अ‍ॅप ट्रेनरला ईआरजी मोडमध्ये चालवतंय. या मोडमध्ये तुम्ही पेडल किती वेगाने मारता याच्याशी ट्रेनरला देणंघेणं नसतं, तो ठरलेले वॉट काढून घेतोच. मिनिटाला ९० फेऱ्यांनी २२० वॉट द्यायला क्रँकवर सुमारे २३ न्यूटन-मीटर जोर लागतो. फेऱ्या ६० वर आल्या की ३५ लागतो, ४५ वर ४७. पाय दमले, फेऱ्या कमी झाल्या, की ट्रेनर आणखी दाबतो, त्याने फेऱ्या आणखी कमी होतात. तुम्ही त्या फासात अडकता.

तो सुरू झाला की जोर लावून झगडू नका. तीन-चार सेकंद पेडल थांबवा, ट्रेनर ढिला पडेल, मग हलकेच ९० च्या वर फेऱ्या नेऊन पुढे जा. टप्पा सुरू होण्याच्या पाच सेकंद आधीच फेऱ्या थोड्या वाढवून ठेवल्या तर बहुधा ही वेळच येत नाही. गिअर ईआरजीमध्ये बदलायचा नसतो, पण निवडायचा असतो: पुढे लहान चकती, मागे मधली, चेन सरळ रेषेत. फ्लायव्हील शांत फिरतं आणि वॉटमधले बदल पटकन लागू होतात. व्हील-ऑन ट्रेनरवर मात्र इतक्या हलक्या गिअरमध्ये मोठे वॉट निघत नाहीत, तिथे एक-दोन गिअर जड ठेवा.

टप्पा दर वेळी तिसऱ्याच मिनिटाला कोसळत असेल, तर अ‍ॅपमध्ये भरलेला एफटीपी (साधारण तासभर टिकवता येतील इतके वॉट) जास्त आहे. २० मिनिटांच्या चाचणीतली सरासरी जशीच्या तशी भरली होती का? तिच्या ९५ टक्के भरायची असते.

प्रश्न: आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. खालच्यांना त्रास होईल का?

डायरेक्ट ड्राइव्हचा हवेतून जाणारा आवाज कमी असतो. चेन स्वच्छ करून वंगण घातलं की तोही उतरतो. खालच्यांना ऐकू येते ती लादीतून उतरणारी घरघर, आणि पातळ योगा मॅटने ती थांबत नाही. ट्रेनरच्या प्रत्येक पायाखाली जाड रबराचा तुकडा आणि त्याखाली मोठी रबरी मॅट घाला. जागा खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत किंवा बीमच्या जवळ बघा, तिथे स्लॅब कमी थरथरतो.

प्रश्न: चालवताना मध्येच ट्रेनर डिसकनेक्ट होतो.

आधी फोन तपासा. ट्रेनरच्या कंपनीचं अ‍ॅप फोनवर मागे उघडं राहिलं असेल, तर ब्लूटूथचा दुवा तेच धरून बसतं. बरेच ट्रेनर एका वेळी एकच ब्लूटूथ दुवा देतात. संगणकावर एएनटी+ (ब्लूटूथसारखीच बिनतारी पद्धत) डोंगल वापरत असाल, तर तो यूएसबी ३.० च्या खोबणीशेजारी ठेवू नका, तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळतो. एक-दीड मीटरची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल ट्रेनरजवळ आणा. विकत घेताना ट्रेनरवर ब्लूटूथ एफटीएमएस आणि एएनटी+ एफई-सी ही जोडणीच्या मानकांची दोन्ही नावं आहेत का ते पाहा. ती असतील तर पुढे अ‍ॅप बदललं तरी ट्रेनर निकामी होत नाही.

प्रश्न: बाबांची कार्बन फ्रेम आहे. ट्रेनरवर लावली तर खराब होईल का? आणि ते घामाने अक्षरशः भिजतात.

फ्रेम बनवणाऱ्या कंपनीची वॉरंटी ट्रेनरवरच्या वापराला मान्यता देते का, हे आधी वाचा. मान्यता असेल तर अ‍ॅक्सल नेमका आवळा आणि उभं राहून सायकल डावी-उजवीकडे उपटू नका, कारण मागचा भाग घट्ट धरलेला असताना सगळा पीळ फ्रेमला सोसावा लागतो.

खरी काळजी घामाची करा. शरीर खर्च केलेल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्साच पेडलपर्यंत पोचवतं. बाबा २०० वॉट काढत असतील, तर ६०० ते ८०० वॉट उष्णता अंगातून बाहेर पडत असते आणि समोरून वारा नसतो. छतावरचा पंखा पुरत नाही. जमिनीवरचा मोठा पंखा समोरून छाती आणि चेहऱ्यावर येईल असा लावा आणि तासाला अर्धा ते एक लिटर पाणी हाताशी ठेवा. घामातलं मीठ स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टवर, हेडसेटच्या (हँडल ज्यावर वळतं त्या सांध्याच्या) वरच्या बेअरिंगमध्ये आणि हँडलच्या टेपखाली साचतं. वरून टेप छान दिसते आणि खाली अ‍ॅल्युमिनियमच्या हँडलवर पांढरी भुकटी धरलेली असते. हँडलपासून सीटपर्यंत टॉवेल बांधा, उतरल्यावर ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने सगळं पुसा. दर तीन-चार महिन्यांनी टेपचं एक टोक सोडवून आत बघा. पांढरे खड्डे दिसले, तर बाबांना त्या हँडलवर रस्त्यावर जाऊ देऊ नका.