साखर ४८, आणि म्हणे ‘मला काही होत नाही’

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. बारा वर्षं इन्सुलिन घेतात. पूर्वी साखर सत्तरच्या खाली गेली की त्यांना दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे. हल्ली मीटरवर ४८ दिसली तरी ‘मला काही होत नाही’ म्हणत पेपर वाचत बसतात. मेंदूला कमी साखरेची सवय होते का? झाली तर बरंच ना?
— एक सूनबाई, मिरज

उत्तर : सवय होते. बरं मात्र अजिबात नाही.

मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फटीतून साखर झिरपत नाही. तिला पलीकडे पोचवणारी खास प्रथिनं असतात, ग्लुट-१ नावाची. हमालच म्हणा ना. स्नायूंच्या दारावरचे हमाल इन्सुलिनची हाक आली की पुढे येतात. मेंदूच्या दारावरच्यांना त्या हाकेशी देणंघेणं नाही. रक्तात साखर किती आणि हमाल किती, एवढाच हिशेब. मेंदूला रोज १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, घरचा साठा जेमतेम. म्हणून साखर वारंवार घसरू लागली की हमालांची भरती वाढते. उंदरांमध्ये हे स्पष्ट दिसलंय. माणसांतली मोजमापं एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी गोष्ट मात्र माणसांतही पक्की आहे : वारंवार साखर उतरणाऱ्यांत अॅड्रेनलिन हे धोक्याच्या वेळचं संप्रेरक उशिरा सुटतं. थरथर हे त्याचंच काम, आणि घाम फोडणाऱ्या मज्जातंतूंचा इशाराही तसाच उशिरा येतो.

पण गोदामच रिकामं झालं तर जादा हमाल काय वाहणार? पूर्वी सत्तरला घंटा वाजायची, हाताशी वेळ असायचा. आता घंटा वाजेपर्यंत बोलणंच बरळायला लागतं.

माझ्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. एकदा खुर्चीत बसून छान गप्पा मारत होते, पण शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली. एरवी कडक इस्त्रीचा माणूस! बोट टोचलं, ४६. साखरपाणी पाजल्यावर पंधरा मिनिटांनी खाली बघून स्वतःच ओशाळले.

तेव्हा सासऱ्यांना ‘बरं वाटतंय का’ विचारू नका, मीटरचं ऐका. सत्तरच्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. आणि आकड्यांची वही घेऊन या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. डोस बहुधा कमी करावा लागेल, तो घरी ठरवू नका. रक्तदाबाची गोळीही दाखवा, काही गोळ्या थरथर लपवतात. काही आठवडे साखर एकदाही खाली जाऊ दिली नाही, तर पुष्कळांची घंटा पुन्हा वाजू लागते. तोवर स्कूटरची किल्ली तुमच्याकडे ठेवा. रागावतील, रागावू देत.