पंप लपवायचा कशाला?

प्रश्न: माझ्या दहा वर्षांच्या मुलीला बालदमा आहे. डॉक्टरांनी रोजचा पंप दिलाय. सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते, पुढे लग्नाला अडचण येईल. मुलगी शाळेत पंप दप्तराच्या तळाशी लपवते. सोसायटीत आणखी काही घरांत दमा आहे असं कळलंय. सगळ्यांनी एकत्र बसावं असं वाटतं, पण तिथे बोलायचं काय?
– एक आई, धायरी, पुणे

उत्तर: ताई, जरूर बसा. मी छातीच्या विकारांची डॉक्टर. ओपीडीच्या गर्दीत मला जे समजावता येत नाही, ते एक आई दुसरीला सहज पटवते.

मात्र भाषण ठेवू नका. प्रत्येकाने आपला पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) आणावा आणि सगळ्यांसमोर घेऊन दाखवावा. गडबड कुठे होते ते तिथेच दिसेल. कुणी पंप हलवतच नाही, कुणी दोन फवारे एकदम मारतं. औषध घशात बसतं, छातीत उतरत नाही, आणि मग ‘पंपाचा काही उपयोग नाही’ अशी बोलवा होते. मुलांना स्पेसरमधून एका वेळी एकच फवारा द्या, त्यावर पाच-सहा संथ श्वास घेऊ द्या. रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसला, तर स्थिर विजेमुळे औषध प्लास्टिकलाच चिकटतं.

सासूबाईंनाही आग्रहाने न्या. त्यांच्या बोलण्यामागे नातीची काळजीच आहे, पण ती चुकीच्या गोष्टीची आहे. धाप लागल्यावर घेतात त्या साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असतं; त्याच औषधाच्या गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीसपट, आणि तेही रक्तातून अंगभर फिरणारं. रोजचा पंप वेगळा. तो श्वासनळ्यांची सूज आटोक्यात ठेवतो. मनाने बंद केला की त्रास उलटतो, कारण सूज परत येते. याला सवय म्हणत नाहीत. आणि लग्नाचं म्हणाल, तर औषधाविना दमलेली मुलगी मला जास्त काळजीची वाटते.

एकत्र आलात की सोसायटीकडे काही मागताही येईल. पालापाचोळा जाळणं आधी बंद करायला लावा. मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलायच्या आत काढून घ्या. दमा नसलेल्यांनी, हातमोजे आणि मास्क घालून. (या गवताची देशातली नोंद 1955 च्या सुमारास आपल्या पुण्यातूनच झाली. त्याचे परागकण कित्येकांना सोसत नाहीत.) घरात डासांची कॉइल आणि धूप नको. दिवाळीच्या आधी डॉक्टरांची भेट घेऊन ठेवा.

शाळेचं काम तुम्हालाच करावं लागेल. अचानक धाप लागली तर कोणता पंप, किती फवारे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. एक प्रत वर्गशिक्षिकांना द्या, एक घरात फ्रिजवर लावा. त्यावर ठळक लिहा: वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसले किंवा फवाऱ्यांनी उतार पडत नसेल, तर थांबायचं नाही, 108 ला फोन. धाप लागल्यावरचा पंप दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात हवा, आणि तो कुठे आहे हे तिच्या दोन मैत्रिणींनाही माहीत हवं.