काड्यांचे गठ्ठे केव्हा सोडावेत?

प्रश्न : माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. वर्गात पाढे म्हणवून घेण्यापेक्षा काड्या आणि मणी यांचाच वापर अधिक होतो. घरी ‘पंचेचाळीस लिही’ म्हटले की ती पुष्कळदा ५४ लिहिते. या नव्या पद्धतीमुळे तिचे गणित कच्चे राहत आहे का?
– एक पालक, बार्शी

उत्तर : आकडे उलटे लिहिण्याचे खापर काड्यांवर फोडता येणार नाही. मराठीत संख्येचे नाव उच्चारताना एकक आधी आणि दशक नंतर येते, लिहिताना मात्र दशक आधी लिहावे लागते. त्यामुळे ‘पंचेचाळीस’ ऐकताच मूल कानावर आधी पडलेले पाच लिहून मोकळे होते. ‘एकोणपन्नास’मध्ये तर चारही ऐकू येत नाही आणि नऊही. हीच अडचण ओळखून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन देण्यात आले. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण स्पष्ट केले होते, तरी बदलाची थट्टाच अधिक झाली आणि ज्या मुलांसाठी तो होता त्यांची अडचण चर्चेबाहेर राहिली.

दहा काड्या रबराने बांधल्या की एक दशक होते. मुलीला चार गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडू द्याव्यात, ‘चाळीस आणि पाच’ असे म्हणू द्यावे आणि मगच गठ्ठ्यांची संख्या डावीकडे, सुट्या काड्यांची उजवीकडे लिहायला सांगावे. हे घरीही सहज करता येईल.

शिक्षकांना आपण विचारायला हवे ते हे, की काड्यांनंतर पुढे काय? आधी वस्तू, मग चित्र आणि शेवटी केवळ अंक असा हा प्रवास आहे. वर्षाअखेरीसही ८ आणि ७ यांची बेरीज करताना मूल पंधराच्या पंधरा काड्या पहिल्यापासून मोजत असेल, तर साहित्याची कुबडी झाली असे समजावे. सातातले दोन आठाला देऊन दहा करावेत, हे तिला मनातल्या मनात सुचू लागले की काड्या बाजूला ठेवाव्यात. मुलाने स्वतः हाताळून, अनुभवातून शिकावे या विचाराला ज्ञानरचनावाद म्हणतात; त्याचे पाढ्यांशीही वैर नाही. चार-चारचे सहा गट मांडून झाल्यावर ‘चार सक चोवीस’ पाठ व्हायलाच हवे. याच पद्धतीने शिकवणाऱ्या, सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (म्हणजे त्या भागातील शाळांच्या गटाच्या) शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. दुर्दैवाने काही ठिकाणी तेथून मुलांच्या शिकण्यासाठी फरशीवर केलेली रंगरंगोटी तेवढी उचलली गेली, त्यामागची पद्धत नाही.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी आहे. माझ्याकडे तिसरी-चौथीचे एकत्र वर्ग असून काही मुलांना अजून जोडाक्षरे वाचता येत नाहीत. पाठ्यपुस्तक कसे पुढे न्यावे?
– एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : दिवसातला एक तास पाठ्यपुस्तक मिटून ठेवावे आणि त्या तासापुरती इयत्ता विसरून मुलांचे गट वाचनाच्या पातळीनुसार करावेत. ‘प्रथम’ संस्थेच्या चाचणीप्रमाणे प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे जवळ बसवून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी कोठपर्यंत वाचता येते ते पाहावे. एका मुलाला काही मिनिटेच लागतात.

या पद्धतीचा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या अभ्यासातील एक निष्कर्ष आपल्या उपयोगाचा आहे. बिहार आणि उत्तराखंडमध्ये शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिले गेले, पण वर्गातल्या नेहमीच्या अध्यापनात फारसा फरक पडला नाही. हरियाणात मात्र याच कामासाठी रोजचा वेगळा तास राखून ठेवल्यावर मुलांचे वाचन सुधारले. म्हणून केंद्रप्रमुखांशी बोलून हा तास आधी वेळापत्रकात लिहून घ्यावा. गट कायमचे ठेवू नयेत. दर महिन्याला चाचणी पुन्हा घेऊन मुले पुढच्या गटात सरकवावीत, आणि गोष्ट सहज वाचू लागलेल्या मुलांना त्या तासात स्वतःचे लेखन करू द्यावे.